मनीचे गाणे, तीन वेळा

"त्र्यंबकबुवा मणेरीकर. त्यांचे वासुदेवबुवा. वासुदेवबुवांचे दत्तोबा. आणि दत्तोबांची थोरली मुलगी मी, गोदावरी," मी म्हणाले. "चार पिढ्या आम्ही सतारीखेरीज दुसरं वाद्य मांडीवर घेतलेलं नाही. आता सांगा डॉक्टर, हे खेळणं माझ्या मांडीवर कोणी ठेवलं?"

डॉक्टर पाच्छापुरे हसले. माझ्या हाताला व्यायाम देण्यासाठी ते एक दिवसाआड घरी येत. तरुण माणूस, पण घाबरणारा नव्हे.

"मीच ठेवलं की, ताई. आणि खेळणंच आहे ते. कलिंबा म्हणतात."

तळहाताहून थोडी मोठी लाकडी पेटी होती. मध्ये एक गोल भोक आणि वर फणीच्या दात्यांसारख्या सतरा लोखंडी पट्ट्या. दोन्ही हातांत धरायची आणि दोन अंगठ्यांनी पट्ट्या छेडायच्या. डॉक्टरांनी एक पट्टी छेडून दाखवली. आवाज गोड होता, हे मला मान्य करावे लागले, आणि त्याचाच मला राग आला.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी शहात्तर वर्षांची होते. आश्विनात मला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय पंधरा दिवसांत वळणावर आला. उजवा हात मात्र कोपरापासून खाली परक्याचा झाला.

"नखीचं बोट माघापर्यंत येईल?" मी विचारले. सतारीची नखी उजव्या तर्जनीत घालतात. ती तर्जनी नाही तर सतार नाही.

"तर्जनीचं मी खोटं सांगणार नाही. येणार नाही. अंगठा मात्र येतोय. त्याला काम द्या."

खोलीत हेरंब उभा होता. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, माझाच शिष्य, वय अडतीस. हात उत्तम, कणा नाही. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "आत्या, यंदाची हजेरी मी दिली तर? तब्येतीचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे."

"तब्येतीचं कारण तुझ्या आजोबांनाही होतं," मी म्हणाले.

हजेरी म्हणजे काय ते सांगणे भाग आहे. माघ वद्य पंचमीला त्र्यंबकबुवांची पुण्यतिथी. त्या दिवशी बेळगावातील आमच्या वर्गात दीडशे माणसे जमतात, आणि गादीवर बसणाऱ्याने सर्वांआधी वाजवायचे, ही हजेरी. नियम त्र्यंबकबुवांनी घालून दिले. दोन्ही हातांनी वाजवावे. गुरूकडून घेतलेली एक पूर्ण रचना वाजवावी आणि त्या गुरूचे नाव सभेत उच्चारावे. वाद्यावरून हात उचलेपर्यंत एकही स्वर चुकू नये. चुकला तर त्याच क्षणी गादीवरून उतरावे आणि पुढच्याने बसावे. वाद्य कोणते ते त्यांनी सांगितले नाही, कारण दुसऱ्या वाद्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नसणार.

माझ्या वडिलांची तार ओढून घेतलेली मींड अशाच एका हजेरीला घसरली. अंगात ताप होता त्यांच्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि एकोणचाळीस वर्षांची मी भर सभेत म्हणाले, "बाबा, उतरा." ते उतरले. पुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. सहा महिन्यांनी वारले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. गादी ही गादी आहे.

"डॉक्टर," मी विचारले, "या पेटीवर पूर्ण रचना वाजते?"

"बालगीतं वाजतात. शहापुरात एक बाई लहान मुलांना शिकवतात. हेमांगी टीचर म्हणतात त्यांना."

"गाडी काढ," मी हेरंबला सांगितले.

* * *

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. खाली यंत्रमाग चालत आणि त्यांची खडखड फरशीतून पायांत चढे. वर एका खोलीत बारा पोरे, पाच ते सात वर्षांची. एक लांब तांबडा बाक आणि खिडकीजवळ एक चटई. ज्याचे गाणे न चुकता वाजे त्याने चटईवर जाऊन बसायचे. ज्याचे चुके त्याने बाकावर राहायचे.

हेमांगी टीचर चाळिशीची, सडपातळ, सुती साडीतली बाई. तिने माझ्या हातात कलिंबा ठेवून माझे अंगठे पट्ट्यांवर टेकवले. मी तिच्या हातांकडे पाहिले. शिष्यांचे चेहरे पाहण्याची सवय मला कधीच नव्हती. मी हात पाहते. पाहिले आणि काही बोलले नाही.

"तुम्ही सतारीच्या मणेरीकरताई," ती म्हणाली.

"हो. माघ पंचमीपर्यंत मला भूपाची एक गत या पेटीवर बसवून द्या. तुमच्याकडून घेतली असं मी सभेत सांगेन."

"इथं पहिलं गाणं एकच असतं."

"मी पहिलीतलं पोर नाही."

"या वाद्यावर आहात," ती म्हणाली. आवाज जराही चढला नाही. "मुलांनो, आज्जींना आपलं गाणं म्हणून दाखवा."

बारा तोंडे एकदम उघडली.

*शिंक्यात लोणी, माळ्यावर मनी,*
*मनीला हाकलेना घरात कोणी!*

दाराशी उभ्या असलेल्या हेरंबने खोकल्याचे निमित्त करून तोंडावर रुमाल धरला.

"हेच?" मी विचारले.

"हेच. माझ्याकडून घेतलेली रचना हवी असेल तर मी एवढीच देणार. नको असेल तर जिना सांभाळून उतरा, पायऱ्या अरुंद आहेत."

मी तांबड्या बाकावर बसले. माझ्या एका बाजूला दात पडलेला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला प्रेक्षा नावाची पाच वर्षांची मुलगी. तिच्या दोन वेण्या इतक्या घट्ट बांधल्या होत्या की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत.

गाण्यात चारच स्वर. सा, रे, ग, प. कलिंब्यावर स्वर सलग नसतात. सा मध्यभागी, रे डावीकडे, ग उजवीकडे, प त्याच्या पलीकडे. म्हणजे गंधार आणि पंचम उजव्या अंगठ्याच्या वाट्याला. सत्तर वर्षे स्वरांत काढलेल्या बाईला ते कळायला एक क्षण लागला. अंगठ्याला कळायला दहा आठवडे लागायचे होते. मी सा वाजवला, रे वाजवला, आणि गंधाराच्या जागी लाकडावर नख आपटल्याचा ठक् असा आवाज आला.

"पुन्हा," हेमांगी म्हणाली.

ठक्.

"पुन्हा."

"आज्जी, चुकलीस की गं!" प्रेक्षा आनंदाने म्हणाली.

त्या दिवशी ती मला एकवीस वेळा 'पुन्हा' म्हणाली. सांत्वनाचा शब्द नाही, रागाचाही नाही. एखादा दगड एकाच जागी ठेवत जावा तशी ती तो शब्द ठेवत गेली. उतरताना हेरंबने माझा हात धरला आणि म्हणाला, "आत्या, नाही तर मनी माळ्यावरच राहू दे."

"तू गाडी नीट चालव," मी म्हणाले. "तुला तेवढंच जमतं."

* * *

आठवड्यातून चार दिवस मी जात राहिले. पोरे एकेक करून चटईवर गेली. दात पडलेला मुलगा दुसऱ्या आठवड्यात गेला. त्यानंतर आलेली दोन नवी मुलेही गेली. बाकावर मी उरले आणि माझ्याशेजारी प्रेक्षा. ती दुसऱ्याच दिवशी चटईवर गेली होती, पण टीचरने तिला परत बाकावर बसवून सांगितले होते, "आज्जींना तू शिकव. त्या चुकल्या की 'पुन्हा' म्हणायचं."

ते मुलीच्या फार आवडीचे काम झाले.

उजव्या अंगठ्याचे नख कडेला फाटले. मुलांपैकी कोणाचे नख दुखले तर हेमांगी त्याला चिकटपट्टी लावी. मी अंगठा पुढे केला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला.

"पट्टीनं आवाज मरतो," ती म्हणाली.

"मुलांना लावता."

"मुलांचा आवाज कोण ऐकणार आहे? तुमचा दीडशे माणसं ऐकणार."

मी एकदा लबाडीही केली. अंगठा फार ठणकत होता. मी डावा अंगठा आडवा नेऊन गंधार वाजवला. ओळ पुरी झाली, स्वच्छ झाली. शेजारून लगेच किंकाळी आली.

"टीचर! आज्जी डाव्यानं वाजवायलीय!"

सगळी चटई वळून माझ्याकडे पाहू लागली. हेमांगीने पोरांना विचारले, "डाव्यानं वाजवलं तर त्याला काय म्हणायचं?"

"चोरी!" सगळे आवाज एकदम म्हणाले.

"ऐकलंत ताई? पुन्हा."

घरी मी दिवसभर वाजवीत असे. पौष सरला तेव्हा गाणे एकदा सलग होऊ लागले होते, पण वर्गात नेमके बिघडे. माघात एका दिवशीही तसेच बिघडले. प्रेक्षाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खऱ्या काळजीने विचारले, "आज्जी, मला दोन दिवसांत आलं. तुला कसं येईना गं?"

मी तिच्याकडे वळले. शब्द आपोआप आले, जसे ते पूर्वी शेकडो वेळा आले होते.

"तुझं आलंय असं तुला वाटतं," मी म्हणाले. "तुझ्या हातात सूर नाही, खडखड आहे. खालचे माग बरे. तुझ्या आईला सांग, हिच्यावर वेळ घालवू नका."

पोर पाच वर्षांची होती. शब्द सगळे कळले नसतील, आवाज कळला. तिचा खालचा ओठ हलू लागला आणि मग ती अशी रडली की चटईवरची दोन पोरेही रडू लागली. मला बरे वाटले. हे लिहिताना मी काही लपवणार नाही. इतक्या आठवड्यांत मला पहिल्यांदा बरे वाटले.

हेमांगीने मुलीला उचलून घेतले, तिचे नाक पुसले आणि तिला पाणी पाजले. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, हे वाक्य मी आधी ऐकलंय," ती म्हणाली. "मागाचं तेवढं नवीन आहे."

मी कलिंबा रुमालात गुंडाळू लागले.

"उद्या हिची माफी मागायची. सगळ्यांसमोर."

"मणेरीकर माफी मागत नाहीत."

"मग उद्यापासून येऊ नका. आणि सभेत माझं नाव घेऊ नका. मी काही दिलंच नाही असं मी सांगेन."

पंचमीला अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी तांबड्या बाकापाशी उभी राहिले आणि पाच वर्षांच्या मुलीला म्हणाले, "प्रेक्षा, मी वाईट बोलले. माफ कर." आयुष्यात मी वडिलांनाही असे म्हटले नव्हते. दारात हेरंब उभा होता. या वेळी त्याने रुमाल काढला नाही. तो जमिनीकडे पाहत राहिला.

प्रेक्षाने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "आता पुन्हा वाजव."

* * *

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी माझे गाणे वर्गात न चुकता वाजले. पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि प्रेक्षाने माझा पदर धरून मला खिडकीजवळच्या चटईवर नेऊन बसवले. मग शाळेची रिक्षा आली, पोरे जिन्यावरून धडधडत खाली गेली. हेरंब गाडीत होता. खोलीत मी आणि हेमांगी, आणि खाली माग.

"दिलं," ती म्हणाली. "उद्या वाजवा."

"कोणतं नाव घेऊ? सासरचं की हंगिरगेकर?"

ती पोरांचे कलिंबे गोळा करीत होती. तिचे हात थांबले.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्या दिवशी. तुझ्या डाव्या हाताची करंगळी तारेपासून फटकून उभी राहते. तीन वर्षं त्या बोटाला मी शिव्या दिल्या. चेहरा मी विसरते, करंगळी नाही."

"आणि तरी आलात रोज?"

"गादी हवी होती."

ती बाकावर बसली, जिथे मी दहा आठवडे बसत होते तिथे. "मग तो दिवसही आठवत असेल."

आठवत होता. मी तिला तो आठवत नाही असे सांगू शकले असते. एकोणतीस वर्षे झाली होती. हेमांगी तेव्हा बारा वर्षांची, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, टपाल खात्यातल्या एका सॉर्टरची लेक. एका दुपारी मी आत गेले असताना तिने सतारीवर मनीचे हे गाणे वाजवून बाकीच्या मुलींना हसवले. मी दाराआड उभी राहून ऐकले. फार सुंदर वाजवले होते. मला ते कधी जमले नसते इतके सहज. मी तेव्हा काहीच बोलले नाही. हजेरीच्या दिवशी, माझ्यानंतर तिची पाळी आली. वर्षभर तिने यमन तयार केला होता. तिचे आईवडील पहिल्या रांगेत, वडिलांनी कोट घातलेला. मी सभेला सांगितले, "ही आज आपल्याला मनीचं गाणं ऐकवणार आहे."

"मला वाटलं तुम्ही गंमत करताय," हेमांगी म्हणाली. "मी हसले. तुम्ही म्हणालात, वाजव. मी वाजवलं. लोक हसले. तुम्ही म्हणालात, पुन्हा. मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी माझे हात कापायला लागले आणि स्वर गेला. तुम्ही म्हणालात, हिच्या हातात सूर नाही, खडखड आहे, आईवडिलांनी हिच्यावर वेळ घालवू नये. बाबा उठले. दीडशे माणसांमधून त्यांनी मला हाताला धरून नेलं. ताई, ते गाणं माझ्या आईनं केलं होतं. माझ्या भावाला भरवताना. ती पहिल्या रांगेत बसून ते ऐकत होती."

"हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

मी विचार केला. खोटे बोलायची ती वेळ नव्हती. "तर चार वेळा वाजवायला लावलं असतं," मी म्हणाले.

ती पहिल्यांदा हसली. ते हसू पाहून मला आमच्यातले काहीतरी सारखे असल्याचे जाणवले, आणि ते मला आवडले नाही.

"उद्या तुम्ही एकदा वाजवाल आणि हात उचलाल," ती म्हणाली. "लोक थोडे हसतील, पण नियम पुरा होईल. गादी राहील. मी मागच्या रांगेत बसेन."

"आणि तुझं?"

"माझं तीनदा होतं."

मागाची खडखड चालू होती. आम्हा दोघींनाही माहीत होते. दहा आठवडे तिने माझा अंगठा पाहिला होता. पहिल्यांदा तो चालतो. दुसऱ्यांदा कसाबसा. तिसऱ्यांदा तो कधीच चालला नव्हता, एकदाही नाही. तीन वेळा वाजवणे म्हणजे गादी सोडणे.

"तू मागतेयस का?" मी विचारले.

"नाही. मागितलं तर तुम्ही दान दिल्यासारखं द्याल. मी नुसतं सांगितलं."

जिन्यापाशी मी थांबले. "नाव?"

"हंगिरगेकर," ती म्हणाली. "बाबा गेले. पण तो अपमान त्यांच्या नावाचा होता."

* * *

पंचमीला गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. गोदावरीबाई अर्धांगानंतर काय वाजवणार, हे पाहायला माणसे निपाणीहून, कोल्हापूरहून आली होती. त्र्यंबकबुवांच्या तसबिरीला हार घातला. हेरंब नवा सदरा घालून गादीशेजारी बसला. त्याची सतार गवसणीतून काढून लावून ठेवलेली होती. शहाणा मुलगा.

मी गादीवर बसले आणि रुमालातून कलिंबा काढला. पहिल्या रांगेत कुजबूज झाली.

"आजची रचना," मी म्हणाले, "मी माझ्या गुरू हेमांगी हंगिरगेकर यांच्याकडून घेतली आहे. रचना त्यांच्या आईची."

काही जुन्या माणसांनी माना वळवल्या. ते नाव त्यांना आठवत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळले. हेमांगी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर हात जोडलेले, चेहऱ्यावर काहीच नाही.

मी वाजवले. शिंक्यात लोणी, माळ्यावर मनी. खोलीत एवढी शांतता होती की पट्टीचा शेवटचा कंपही ऐकू आला. एकही स्वर हलला नाही. मग कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसले. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या नातीचं!" हसू रांगेरांगेने पुढे आले.

हेरंब पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "झालं आत्या. नियम पुरा झाला. हात उचला."

माझे हात वाद्यावर होते. मी ते उचलले असते तर मी आजही गादीवर असते. या गोष्टीचा मी आठ वर्षे रोज विचार केला आहे. मी समोर पाहिले. हेमांगी काहीच खुणावत नव्हती. ती नुसती पाहत होती, जसे मी एकोणतीस वर्षांपूर्वी तिच्याकडे पाहिले होते.

मी दुसऱ्यांदा सुरू केले.

आता लोक मोकळेपणी हसले. कोपऱ्यातून एकाने ओळ म्हणून दाखवली, "मनीला हाकलेना घरात कोणी!" आणि त्यावर मोठा हशा झाला. या माणसांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांची बोटे मी पट्टीने झोडली होती. ते आता पोट धरून हसत होते. उजव्या अंगठ्यात कळ निघाली ती मनगटापर्यंत गेली. तरी दुसरी वेळ पार पडली. पंचम खरखरला, पण लागला.

"आत्या," हेरंब म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. त्याला गादी हवी होती, पण ती अशी नको होती. "आत्या, पुरे. तुमच्या पाया पडतो."

"गप्प बस."

तिसऱ्यांदा. सा आला. रे आला. अंगठा गंधारावर नेला आणि तो तिथे पोहोचलाच नाही. लाकडावर ठक् असा आवाज झाला, सर्वांना ऐकू जाईल असा. हसू तिथेच कापल्यासारखे थांबले. सभेतल्या प्रत्येकाला नियम पाठ होता.

मी थांबले नाही. उरलेली ओळ वाजवली, दोन्ही हातांनी, कोणी हसत नसताना. रचना अर्धी सोडायची नसते. मग कलिंबा रुमालात गुंडाळला, डाव्या हातावर भार देऊन उठले आणि गादीवरून खाली उतरले.

"बस," मी हेरंबला म्हणाले.

तो बसला. रडत होता, तरी बसला. त्याने सतार घेतली आणि पहिला स्वर लावला. स्वर उत्तम लागला.

मी माणसांमधून वाट काढत मागे गेले. कोणी मला हात दिला नाही. मी मागितलाही नाही. भिंतीपाशी हेमांगी उठून उभी राहिली होती.

"मुद्दाम चुकवलात?" तिने हळू आवाजात विचारले.

"मणेरीकर मुद्दाम चुकत नाहीत."

तिने मान हलवली. तिला ते पटले. हातांबद्दल ती मला ओळखत होती. "माझाही तिसऱ्या वेळी गंधारच गेला होता," ती म्हणाली.

"मग देणं काही उरलं?"

तिने माझ्याकडे पाहिले. सभोवती सगळे पाहत होते. अशा वेळी मणेरीकरांच्या वर्गात लहान मोठ्याच्या पायाला हात लावतो, मग मनात काहीही असो. पाच वर्षांच्या पोरांनाही आम्ही ते शिकवतो.

"नाही," ती म्हणाली. "काही उरलं नाही."

तिने पायात चपला घातल्या आणि निघून गेली. ती वाकली नाही. वाकली असती तर मी पुन्हा तिची देणेकरी झाले असते.